पानथरीचा डाग

यसाबाईच्या तोंडाला लागायची थेरगावात कुणाची छाती नव्हती. पण ती मुळात अशी जहाल नव्हती.

चौऱ्याहत्तर साली तिची दीड वर्षाची रंजी खाईनाशी झाली. हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट मात्र फुगत गेलं. उजव्या बरगडीखाली हाताला टणक लागायचं. जवळच्या कारखान्याच्या दवाखान्यात जंताचं औषध दिलं. सासू म्हणाली, “पानथरी वाढलीया,” आणि तिनं तापल्या विळ्यानं पोटावर डाग दिला.

शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं. “पानथरी म्हणजे प्लीहा, ती डावीकडे असते, बाई. ही यकृतातली कॅन्सरची गाठ आहे. आता छातीत पसरलीय. आधी आणलं असतं, तर कापून काढता आली असती.”

यसाबाईच्या मस्तकात तिडीक गेली. शिव्या कुणाला घालायच्या? दवाखान्याला, सासूला, की स्वतःला?

रंजी गेली. पुढच्या वर्षी शेजारच्या पारूनं पोराचं पोट फुगलं म्हणून विळा चुलीत घातला. यसाबाई तीरासारखी आत शिरली आणि चारचौघींत तिनं पदर सारून स्वतःचं पोट उघडं केलं.

“आधी हितं दे! आन मी वरडाय लागले, तर माझे हात दाबून धर. रंजीचे मीच धरले व्हते.”