कुल्फीचा आळ

माझ्या आजेसासूबाई शंभरी ओलांडून गेल्या. नेमकं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांची थोरली लेकच काठी टेकत मातीला आली होती.

आम्ही चिखलीला राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी साखरखेर्ड्याला सासरी गेले, तेव्हा आजेसासूबाई दिवसभर झोपूनच होत्या. ताप नाही, खोकला नाही, पण भाकरीकडे बघायच्या नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "रुसल्या असतील. त्यायच्या अन् शेजारणीच्या भांडणात मी शेजारणीची बाजू घेतली ना!"

एका दुपारी गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी वाजली आणि आजेसासूबाईंनी डोळे उघडले.

"पोरी, मले आण."

मी आणली. काडीसुद्धा चाटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पयले घट्ट राहे." दुसऱ्या दिवशी झोपेतच गेल्या.

बसायला येणारी प्रत्येक बाई दारातूनच विचारायची, "कशानं गेल्या वं?" सासूबाई पदर डोळ्याला लावायच्या. "काय सांगू माय, कुल्फी खाल्ली अन्..." असं म्हणाल्या की सगळ्या माना माझ्याकडे वळायच्या. एक म्हातारी तर हळहळली, "काही वय होतं का जायचं!" मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात दडवलं. पुढे तर कुल्फीवालाच आमची गल्ली टाळायला लागला. वरवर हसत होते, तरी आत टोचत होतंच. खरंच माझ्यामुळे?

शेवटी गावातले डॉक्टर भेटायला आले. मी सगळ्यांदेखत विचारलं.

"कुल्फीनं नाही हो वहिनी. निमोनिया होता. इतक्या वयात कधी कधी ताप येत नाही, खोकलाही येत नाही. माणूस नुसतं झोपून राहतं, जेवण सोडतं. मी तपासलं तेव्हाच म्हटलं होतं, मोठ्या दवाखान्यात नेऊ. तर आजीच म्हणाल्या, 'तिथं जाऊन तरणी होऊन येईन काय बे?'"

"तुम्ही कधी तपासलं?" सासूबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सत्तरी पार केलेले सासरे शाळकरी पोरासारखे खाली बघत म्हणाले, "तू अन् सूनबाई मळ्यात गेल्या होत्या तवा. मायनं शपथ घातली, कोणाले सांगू नको म्हणे. सांगतलं तर उचलून नेतीन."

"अन् मी या पोरीवर आळ घेऊन राह्यली!"

त्या दिवशी सासऱ्यांना चहा मिळाला नाही. पुढची बाई दारात येऊन "कशानं गेल्या?" म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी ठणकावून सांगितलं, "निमोनियानं. पण जाताना आमच्या सूनबाईनं कुल्फी खाऊ घातली. तोंड गोड करून गेल्या."

तेव्हा कुठे मला रडू आलं.