मुक्ताबाईची राख

गोटीरामची नावडे गावातली भातजमीन सरकारनं घेतली आणि पन्नाशीला आलेला गोटीराम नव्या वसाहतीच्या नर्सरीत माळी म्हणून लागला. तिथली जमीन म्हणजे डोंगर फोडून आणलेल्या लाल मातीचा भराव. ब्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर त्यानं लावलेल्या केळींची खालची पानं कडेनं करपायला लागली. आधी पिवळी, मग तपकिरी, कुणी काठाकाठानं आच लावत गेल्यासारखी.

सुपरवायझर रावसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "गोटीराम, पाणी घालतोस की नुसता बसून असतोस?"

"रोज घालतो, साहेब. खतबी घातलं."

त्यांना ते पटलं नाही. घरी मुक्ताबाई काविळीनं अंथरुणाला खिळलेली, त्यात हा आरोप. गोटीरामनं चार ठिकाणची माती पिशवीत भरली आणि पनवेलला माती तपासणारी सुमेधा नावाची पोरगी होती, तिच्याकडे नेऊन दिली.

आठ दिवसांनी ती म्हणाली, "काका, ही माती आंबट आहे. पालाश, म्हणजे पोटॅश, मातीच्या कणांना धरून राहतो. पण आंबट मातीत त्याच्या जागा आधीच दुसऱ्यांनी अडवलेल्या असतात. तुमच्या खतातल्या पालाशला बसायला जागाच मिळाली नाही, पावसाबरोबर गेला वाहून."

"म्हंजे मातीत कायच नाय?"

"थोडा आहे, कणांच्या पोटात अडकलेला. तो वर्षानुवर्षं जरा जरा सुटतो. केळीचं तेवढ्यावर भागत नाही. आधी चुना घाला, जागा मोकळ्या होतील. मग पालाश थोडा थोडा द्या, पावसाचा जोर ओसरल्यावर."

गोटीराम घुटमळला. "पन माज्या परसातली माती याच डोंगराची. तिथं केळी हिरवीगार हाय."

"तिथे काय घालता?"

"मी काय नाय. बायको चुलीची राख टाकते."

सुमेधा हसली. "राखेत पालाश असतो, आणि ती आंबटपणाही कमी करते. काकूंनाच विचारायचं होतं की!"

गोटीराम पनवेलहून थेट घरी आला. लग्न झाल्यापासून तो मुक्ताबाईवर त्या राखेवरून खेकसत आला होता. अंगण घाण करतेस, पायाला लागते, वाऱ्यानं घरात येते. ती ऐकून घ्यायची आणि सकाळी पुन्हा राखेचं सूप घेऊन परसात जायची. खाटेजवळ बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. तिचे डोळे हळदीसारखे झाले होते.

"तीस वर्सं वरडलात माज्यावर," ती हळू आवाजात म्हणाली, "आनि आता पनवेलची पोर सांगते म्हनून पटलं?"

तिचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण सून भांडी घासत समोरच होती. तो उठून बाहेर गेला. चौथ्या दिवशी मुक्ताबाई गेली.

बारावं उरकून तो कामावर आला तो चुन्याची पोती घेऊनच. केळीच्या ओळीओळीत त्यानं हातानं चुना पसरला, मातीत मिसळला. मग सुमेधानं सांगितल्याप्रमाणं पालाश थोडा थोडा देत गेला. पुढच्या पावसाळ्यानंतर पानं कडेपर्यंत हिरवी राहिली. इमारतींतली माणसं संध्याकाळी बघायला यायची. रावसाहेबांनीही पाठीवर हात ठेवला. घरी जाऊन हे कुणाला सांगायचं, एवढंच गोटीरामच्या मनात आलं.

एकदा सुमेधाही येऊन गेली. पानांवरून हात फिरवत म्हणाली, "काकूंना दाखवलीत का?"

"ती वारली, बाई. तू सांगितलंस त्याच हप्त्यात."

गोटीरामनं कोयत्यानं एक चांगलं पान कापलं, घडी करून तिच्या पिशवीत ठेवलं.

आणखी चार वर्षं त्यानं नोकरी केली. मग गुडघे वाकेनात. मुलीनं त्याला तुर्भ्याला आपल्या खोलीवर नेलं. दाराला लागूनच रस्ता, समोरून ट्रकांची रांग. जावई मायेचा होता, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायची. तरी संध्याकाळ झाली की तो उंबऱ्यावर येऊन बसायचा, डोळ्यांपुढं सूप घेऊन परसात जाणारी मुक्ताबाई असायची, आणि मुलीनं दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही.