माझ्या कार्डावरचा नंबर, त्यांच्या गॅलरीतला मीटर

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नाही. मुलालाही नाही. ज्यांना सर्वात आधी कळायला हवी होती, त्या माझ्या समोरच्या दारात राहतात. त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी सांगलीत राहतो. एका दैनिकात उपसंपादक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, आता तिथेच अधूनमधून लिहितो. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं काम होतं. नाव चुकलं, आकडा चुकला, की बातमीदाराला उभं करून विचारायचो – प्रत्यक्ष पाहिलंस का? आणि चूक छापून गेलीच, तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायला लावायचो. त्यात सवलत नव्हती.

आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला तो प्रीपेड मीटरसह. मोबाइलसारखं आधी पैसे भरायचे. शिल्लक संपली की थोडी उधारी मिळते. तीही संपली की व्हॉल्व्ह आपोआप बंद. पुढच्या रिचार्जमधून आधी उधारी कापतात. मीटर बसवायला माणूस आला तेव्हा समोरच्या सुमनवहिनी गावी, विट्याला गेल्या होत्या. त्यांचे यजमान कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान चालवतात, दिवाळीला आणि जत्रेला येतात. वहिनी एकट्या, म्हणून त्यांची किल्ली आमच्याकडे. मी दार उघडून दिलं. मीटर बसले. त्या माणसाने दोन कार्डं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, कुठलं कार्ड कुठल्या मीटरचं ते बघून नाव घाला, आणि दोन्हींवर सही करा." मी एका लेखाचं प्रूफ वाचत होतो. उठलो नाही. नावं घातली. दोन्हींवर सही केली.

उठलो नाही – एवढंच. तिथपर्यंत ती चूक होती.

वहिनी डबे करायच्या. पंचवीस-तीस डबे, पोळ्या लाटायला हाताखाली दोन बायका. त्यांना गॅस भरपूर लागायचा, आम्हा दोघांना चहा-भाकरीपुरता. पहिल्याच महिन्यात त्यांचा गॅस ऐन अकरा वाजता, आमटी अर्धी शिजलेली असताना बंद पडला. यजमानांनी कोइमतूरहून फोनवरून पैसे भरले, पावती आली, गॅस आला नाही. पुन्हा भरले. वहिनी आमच्या दारात उभ्या राहिल्या. "आवं भाऊजी, पैसं गिळतंय आन् ढेकरसुदिक देत न्हाई! मीटर हाय का भस्म्या?"

आम्ही हसलो. त्याच दिवसांत आमच्या मीटरवर मात्र मी भरले त्यापेक्षा बरीच जास्त शिल्लक दिसत होती. मला वाटलं, कंपनीची काही योजना असेल. तरी उधारीचे मेसेज माझ्या फोनवर येत होते. वाटलं, यंत्रणेचा गोंधळ. मी पैसे भरणंच थांबवलं. कंपनीच्या खिडकीवर वहिनींचं कुणी ऐकेना, तेव्हा मी दैनिकात चार कॉलमांची बातमी लिहिली, माझ्या नावानिशी. रिचार्ज करूनही चूल थंड, कंपनीचा हलगर्जीपणा. उदाहरण म्हणून सुमनवहिनी.

बातमी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्या अर्ज लिहून घ्यायला आल्या. कार्डावरचा नंबर मी अर्जात उतरवला आणि सवयीने म्हणालो, मीटर प्रत्यक्ष पाहून येतो. त्यांच्या गॅलरीत गेलो, वाकून वाचला.

त्यांच्या मीटरवर माझ्या कार्डावरचा नंबर होता.

समजायला किती वेळ लागतो? मला लागलाच नाही. त्यांनी भरलेले पैसे माझ्या मीटरवर चढत होते. मी भरलेले थोडेसे त्यांच्या मीटरवर जायचे, ते त्यांना पुरले नाहीत, आणि मी भरणं थांबवलं तसा त्यांचा गॅस बंदच राहिला होता. कंपनीने कुणालाही फसवलेलं नव्हतं. नावं मी घातली होती.

वहिनी स्वयंपाकघरातून विचारत होत्या, "जुळतंय न्हवं?" मी हो म्हणालो. घरी आलो, टेबलाशी बसलो आणि अर्जात लिहिलं – 'मीटर क्रमांक प्रत्यक्ष तपासला असून तो कार्डाशी जुळतो.'

हे ते वाक्य. मी लिहिलेलं सर्वात स्वच्छ खोटं. का लिहिलं? दोन कार्डं बदलायला एक दिवस लागला असता. पण त्यासाठी माझ्या बातमीचा खुलासा माझ्याच नावाने छापावा लागला असता. आयुष्यभर मी जे दुसऱ्यांना करायला लावलं, ते मला एकदाही करायचं नव्हतं. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

त्याच दुपारी मी माझ्या नंबरवर पैसे भरले. समोर शेगडी पेटली. संध्याकाळी वहिनी पुरणपोळ्या घेऊन आल्या आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या, "भाऊजींच्या एका अर्जात गॅस आला, बघा!" मी पोळ्या खाल्ल्या. त्या वाक्यावर विसंबून कंपनीनेही मीटर पाहायला कुणी पाठवलं नाही. तक्रार निकाली निघाली.

आणि मी अडकलो. रोज सकाळी गॅलरीत जाऊन माझ्या मीटरचा आकडा पाहायचा. तो एकदम वाढला की समजायचं, वहिनींनी रिचार्ज केलाय. मग लगेच तेवढेच पैसे माझ्या नंबरवर भरायचे, म्हणजे त्यांच्या मीटरवर चढतील. दोन दिवस घराबाहेर राहायची सोय उरली नाही. बायको म्हणायची, "उठल्यासुटल्या त्या मीटरचं तोंड काय बघताय? स्थळ आलंय का त्याचं?" खात्यातून जाणारे पैसे पाहून तिने विचारलं, दोघांना एवढा गॅस लागतो? मी म्हणालो, दर वाढलेत. एका खोट्याच्या राखणीला आणखी किती लागतात, मोजलंय कधी तुम्ही?

मग कुपवाडच्या एका कारखान्याने वहिनींना चाळीस जादा डबे सांगितले. आठवडाभर चव बघणार, पटलं तर वर्षाचं काम. त्यांनी मला आधी सांगितलं होतं. तारीखही सांगितली होती. त्याच आठवड्यात कोयनानगरला बायकोच्या भाच्याचं लग्न निघालं. मी जाताना अंदाजाने पैसे भरून गेलो. तिथे सकाळी दहाला फोनवर मेसेज आला – शिल्लक आणि उधारी संपली, पुरवठा बंद.

पैसे भरायला गेलो तोवर नेटवर्क गेलं होतं. लग्नघरातला लँडलाइन फोन मात्र चालू होता. पुण्याला मुलाला फोन करून नंबर सांगितला असता, तर त्याने दोन मिनिटांत पैसे भरले असते. पण तो विचारणार – बाबा, इथून कशाला? घाई कसली? फोनजवळ मी दोनदा गेलो. दोनदा परत आलो. अक्षता टाकल्या, पंगतीत बसलो. दुपारी पाटणच्या स्टँडवर नेटवर्क आलं तेव्हा पैसे भरले.

तोवर वहिनींनी तीन घरांच्या शेगड्यांवर मिळून कसंबसं रांधलं होतं. पाइप आल्यावर सिलिंडर त्यांनी परत केला होता. साडेबाराचे डबे अडीचला पोचले. कारखान्याने सांगितलं, उद्यापासून नको. त्या भरवशावर त्यांनी जुन्यांपैकी काही डबे सोडले होते, ते परत मिळाले नाहीत. दोन महिन्यांत पोळ्या लाटणाऱ्या बायका गेल्या, मग डबे बंदच झाले.

मी भेटायला गेलो. त्याच म्हणाल्या, "नशीबच आमचं फुटकं, भाऊजी. त्या दिवशी यजमानांनी पहाटेच पैसं भरलं व्हतं, तरी मेलं बंद पडलं. तुमी व्हता म्हून इतकं दिस तरी चाललं." मी मान हलवली. हो, मी मान हलवली.

आता वहिनी मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला जातात. घरी फक्त त्यांचा चहा. दोन्ही घरांना गॅस जवळजवळ सारखाच लागतो, त्यामुळे आता कुणाला काही कळण्याचं कारण उरलेलं नाही. माझ्या मीटरवर इतकी शिल्लक साठलीय की आम्हा दोघांना पुढची काही वर्षं पुरेल. त्यातले सुरुवातीचे, ज्यांच्या बदल्यात मी काही भरलं नव्हतं, ते त्यांचे पैसे मी परत केलेले नाहीत. आजही त्यांनी दोनशे भरले की मी दोनशे भरतो. कार्डं तशीच आहेत. खुलासा छापलेला नाही.

सकाळी साडेसहाला समोरचं दार लागतं. वहिनी दुसऱ्याच्या शेगडीवर ऐंशी मुलींचं जेवण करायला निघतात. त्यांच्या चपलांचा आवाज खालच्या मजल्यावर पोचेपर्यंत मी आमचं दार उघडत नाही.