वाजवून दिलेला तांब्या

नांदेड स्टेशनवर अण्णांनी माझ्या हातात पितळी तांब्या दिला, पण त्याआधी तो कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवला. आमचं नांदेडच्या इतवारा बाजारात भांड्यांचं दुकान आहे. तिथं कुठलंच भांडं वाजवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही. नाद लांबला तर भांडं नीट. आधीच मेला तर कुठंतरी चीर आहे, ते मोडीत टाकायचं. मुलगी जर्मनीला निघाली म्हणून अण्णा हा नियम सोडणार नव्हते. तांब्यावर माझं नाव त्यांनीच टिंबाटिंबानं घातलं होतं. नाद संपेपर्यंत ते थांबले आणि म्हणाले, "घे माय. चांगला हाय." रडायचं काम आईनं केलं. मी पासपोर्ट कुठं ठेवलाय ते बघत होते.

मी हॅम्बुर्गला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आले. दिवसभर रक्ताच्या बाटल्या आणि संध्याकाळी 'फायराबेंड', म्हणजे कामाची सुट्टी, आणि रिकामी खोली. वेळ जावा म्हणून गल्लीतल्या संगीतशाळेत नाव घातलं. तिथं व्हायब्राफोन होता. धातूच्या पट्ट्या ओळीनं मांडलेल्या, खाली नळ्या, पायाशी पेडल. मऊ गोळ्यांच्या काड्यांनी वाजवायचं. पहिल्याच दिवशी मी एक पट्टी वाजवली आणि नाद पुरता ऐकून तो तळहातानं दाबला. मास्तरांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? दुकानात, म्हटलं. एक वाजवलेलं भांडं दाबल्याशिवाय अण्णा दुसरं उचलत नसत.

पुढं जॅझ वाजवणाऱ्या तिघांनी मला घेतलं. आठवड्यातून दोनदा 'प्रोबे', तालमीला इथं असं म्हणतात. नांदेडला लग्नाकार्यात अजून कुणीतरी विचारतंच, ताई, तुम्ही तिकडं भांडी वाजवायलात म्हणे. हो, म्हणते. फार चुकीचं नाही ते.

पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा सीडी घरी पाठवली. माझ्या धाकट्या भावानं, दिलीपनं, ती दुकानात लावली. अण्णांनी गल्ल्यावर बसून दोनदा ऐकली आणि फोन केला. "माय, सगळं चांगलं हाय. एक पट्टी तेवढी फुटकी हाय. तिचा नाद आधी मरतो."

इथल्या वर्तमानपत्रात आमच्याबद्दल चार बऱ्या ओळी छापून आल्या होत्या. मी म्हटलं, "अण्णा, ती भांडी नव्हेत."

ते म्हणाले, "बरं. थंडी लई हाय का तिकडं?"

नंतर आणखी दोन रेकॉर्ड केल्या. दोन्ही वेळा अण्णा एवढंच म्हणाले, "चांगलं हाय." मला बरं वाटलं. समजून घेतात आता, असं वाटलं.

तिसरी रेकॉर्ड झाल्यावर वाद्याच्या पट्ट्या ज्यांत ओवलेल्या असतात त्या दोऱ्या बदलायला कारागीर आला. दोरी जिथून जाते त्या भोकापाशी, खालच्या बाजूनं, एका पट्टीला केसाएवढी चीर होती. जुनी आहे, वर्षानुवर्षांची, असं तो म्हणाला. तो गेल्यावर मी तिन्ही रेकॉर्ड ओळीनं ऐकल्या. तिन्हींत तो सूर आधी मरत होता. म्हणजे अण्णांना तो तिन्ही वेळा ऐकू आला होता. दोन वेळा ते मला चांगलं म्हणाले होते. चिरेचं भांडं त्यांनी आयुष्यात एकाही गिऱ्हाइकाला चांगलं म्हणून दिलं नव्हतं.

फोनवर सांगायचं जिवावर आलं. दिवाळीला जाईन तेव्हा समोर बसून सांगू, असं ठरवलं. दसऱ्याआधीच अण्णा गेले. मी पोचले तेव्हा तिसरा दिवस होता.

पट्टी बदलून घेतली. नवी उत्तम आहे, यंत्रावर तपासलेली. तरी वाजवताना त्या सुरावर आले की हात थांबतो. नाद पुरा होतो, आणि तो पुरा होईपर्यंत माझ्या मागं कुणीतरी थांबलेलं असतं. वळून बघायची सवय मी मोडली आहे. चौथी रेकॉर्ड झाली. लोक छान म्हणाले. माझा कुणावर विश्वास बसला नाही.

यंदा नांदेडला गेले ती जुनी पट्टी बॅगेत घालून. काही न सांगता दुकानात दिलीपसमोर ठेवली. तो गिऱ्हाइकाशी बोलत होता. बोलता बोलताच त्यानं ती दोन बोटांत लटकती धरली, पेरानं वाजवली, कानाशी नेली आणि मोडीच्या ढिगावर टाकली.

"ही फुटकी हाय, ताई. कुठून आणली?"

माझ्यासारखे देशाबाहेर पडलेले तुम्ही मला विचारता की आता घर कुठलं. हॅम्बुर्गला माझी पेन्शन आहे, डॉक्टर आहे, खिडकीतल्या कुंड्या आहेत. पण खोट काढून दाखवणारं माणूस तिथं नाही. ते इतवाऱ्यात आहे. तिथलं एक माणूस मी स्वतः गप्प केलं होतं.

पट्टी मी मोडीतच राहू दिली. गिऱ्हाईक गेल्यावर चौथी रेकॉर्ड काढून दिलीपच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट पाहिली. लावली मात्र नाही.

"ताई," तो म्हणाला, "अण्णांनी मला बजावलं होतं, तिला चांगलंच सांगायचं म्हणून. आता काय सांगू?"

"आधी वाजव," मी म्हटलं. "मग सांग."