स्लाइडवरचे दोन ठिपके

या सदरातले गूढ अनुभव मी दुपारच्या डब्यासोबत वाचते आणि प्रत्येकाला मनातल्या मनात एक साधं कारण देऊन मोकळी होते... वारा, उंदीर, अपुरी झोप. माझा पेशाच तसा आहे. मी पॅथॉलॉजिस्ट. शरीरातून काढलेला तुकडा आमच्याकडे येतो, त्याचा पातळ काप काचेवर चढतो, रंगवला जातो, आणि मायक्रोस्कोपखाली जे दिसतं तेच आम्ही लिहितो. दिसलं नाही तर लिहीत नाही. म्हणून हे लिहायला घेईपर्यंत बरेच महिने गेले.

जळगावात आमची लॅब आहे, घर पिंप्राळ्याला. 'आमची' म्हणायची सवय सुटत नाही. माझे यजमान, सुहास, जाऊन आता चार वर्षं होतील. तेही पॅथॉलॉजिस्टच.

धुळ्याला एमडी करताना आम्ही एका बॅचला होतो, म्हणून मी त्याला कायम अरे-तुरेच केलं. मी पॅथॉलॉजी घेतली तेव्हा माझी आत्या म्हणाली होती, "रक्त-लघवीच तपासायची होती तर एवढी वर्षं कशाला जाळलीस?" सुहासच्या घरीही साधारण हेच. डिपार्टमेंटला रेसिडेंट कमी आणि स्लाइड्स ढीगभर. स्लाइडवरची जी जागा पुन्हा बघायची असते तिथे काचेवर शाईचा ठिपका करतात. बाकी सगळे मार्कर वापरायचे. सुहास मात्र टाक आणि ड्रॉइंगची काळी शाई वापरायचा. त्याचा ठिपका बारीक, चकचकीत, बोटाला किंचित वर आलेला लागायचा. एक ठिपका म्हणजे काम. शेजारी-शेजारी दोन म्हणजे काम नाही, नुसतं बघ.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. पहिले दोन ठिपके सापडले ते ॲपेंडिक्सच्या एका स्लाइडवर. फोकस केलं तर नळीच्या मधोमध नागमोडी भिंतींच्या पेशींची एक चकती. कुठल्याच आजारात बसेना. मी पुस्तकं काढली, एक संपूर्ण दुपार घालवली. शेवटी समोरून, डोळे मायक्रोस्कोपवरून न काढता, तो म्हणाला, "वांग्याचं बी आहे. गडी भरीत खाऊन आलाय."

लग्नाचं त्याने कधी विचारलं असं मला आठवत नाही. ठिपके वाढत गेले, एवढंच.

पुढे जळगावात लॅब टाकली. एक लांब टेबल, दोन मायक्रोस्कोप समोरासमोर. कामाच्या रगाड्यातही मधूनच एखादी स्लाइड सरकत माझ्या बाजूला यायची. मी म्हणायचे, रिपोर्ट थांबलेत. तो म्हणायचा, आधी बघ तर.

तो गेल्यावर मी यादी करून एकेक काम उरकलं. दाखले, बँक, लॅबचं रजिस्ट्रेशन. त्याच्या मायक्रोस्कोपचं सर्व्हिसिंग करून वर कव्हर घातलं. टाक आणि शाईची बाटली घरी नेऊन कपाटात ठेवली. समोरची खुर्ची हलवायचं काम यादीत बरेच दिवस होतं. मग ते यादीतूनच काढलं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. धुळ्याजवळच्या खेड्यातल्या एका बाईच्या जठराची बायॉप्सी आली होती. एंडोस्कोपीतून काढलेले कणभर तुकडे. सकाळी स्लाइड बघितली. कॅन्सर... शंकेला जागा नव्हती. त्या जागेवर माझ्या मार्करने हिरवा ठिपका केला, स्लाइड तशीच मायक्रोस्कोपवर ठेवून जेवायला गेले. परत येऊन बसले. हिरवा ठिपका जागेवर होता. दुसऱ्या कडेला शेजारी-शेजारी दोन बारीक काळे ठिपके होते.

बोट फिरवलं. वर आलेले लागले.

त्यांच्याखाली ट्यूमर नव्हता. अन्नाचा एक कण होता, नागमोडी भिंतींच्या पेशींचा.

आता, ते बी तिथे असण्यात काही नवल नाही. गाठीने जठराची पुढची वाट अडली की अन्न आत साचून राहतं, तुकड्याबरोबर येतं. प्रश्न ठिपक्यांचा आहे. काचांचं खोकं नवं होतं, सुहासच्या वेळची काच असण्याचा प्रश्नच नव्हता. आमची टेक्निशियन रुबिना सुहासच्या नंतर लागली, तिला हे दोन ठिपक्यांचं प्रकरण ठाऊक असायचं कारण नाही. तरी विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, लॅबमध्ये मार्कर एकच आहे, आणि तो खिशात घालून तुम्ही जेवायला गेला होतात." खिशात हात घातला, मार्कर होता. त्याच दुपारी स्कूटर काढून घरी गेले. बाटलीतली शाई वाळून तिला तडे गेलेले, टाकाचं निब कोरडं ठणठणीत. मीच भ्रमात केले म्हणावं, तर कशाने?

फोटो काढलाय. त्यात काचेवर दोन ठिपके दिसतात. त्यावरून काय सिद्ध होणार?

भीती वाटली नाही, हे मात्र सांगते. परत येऊन समोरच्या खुर्चीकडे बघत मी म्हटलं, "रिपोर्ट थांबलेत." आणि बराच वेळ एकही रिपोर्ट लिहिला नाही.

ती स्लाइड मी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. रोज काढून बघायचे. आणि मग त्या बाईचा धाकटा भाऊ आला. तिला मुंबईला नेत होते, तिथल्या डॉक्टरांना स्लाइड हवी होती. पेशंटचा तो हक्कच असतो. मी मनात हिशेब केला, मेणात जपलेला उरलेला तुकडा आहेच, त्याचा नवा काप देऊ, जुनी स्लाइड आपल्याकडे राहील. रुबिनाने काप घेतले. साधं निरोगी जठर. आणखी खोलवर घेतले. तेच. मग तुकडाच संपला. कॅन्सर होता तो त्या एका काचेवर. ती दिली नाही तर त्या बाईची पुन्हा एंडोस्कोपी, पुन्हा थांबणं, आणि ती तर नुसत्या पाण्यावर आली होती.

रुबिना दारात उभी. "ती जुनी द्यायची ना, मॅडम?"

देते म्हटलं.

बाहेर पाठवताना आम्ही खुणा पुसतो, दुसऱ्याची नजर आधीच वळू नये म्हणून. स्पिरिटच्या बोळ्याने हिरवा ठिपका पुसला. बोळा काळ्या ठिपक्यांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

भावाने स्लाइडची डबी दोन्ही हातांत घेतली. "मॅडम, बठ्ठं यामाच शे का?" सगळं यातच आहे ना, याची त्याला खात्री हवी होती.

"हो भाऊ," मी म्हटलं. "बठ्ठं यामाच शे. पिशवीत टाकू नका, खिशात ठेवा." त्याने डबी शर्टाच्या खिशात घातली आणि वरून हात धरून जिना उतरला.

काही दिवसांनी मुंबईहून एका तरुण डॉक्टरचा फोन आला. निदान जुळलं होतं, ऑपरेशनचं ठरत होतं. मग तो जरा घुटमळला.

"मॅडम, ते दोन काळे ठिपके... तिथे ट्यूमर नाहीये. काय दाखवायचं होतं तुम्हाला?"

म्हणजे ठिपके त्यालाही दिसत होते.

"वांग्याचं बी आहे," मी म्हटलं.

तो हसला. "आम्ही दोघं मघापासून पुस्तकं काढून बसलोय."

"दोघं कोण?"

"मी आणि माझी को-रेसिडेंट. ती अजून बघतेच आहे."

"बघू दे तिला," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

बाईचं ऑपरेशन झालं. मऊ भात खाते, असं भावाने कळवलं. स्लाइड तिकडेच राहिली. आता मी जेवायला जाताना समोरच्या मायक्रोस्कोपचं कव्हर काढते, त्यावर एक स्लाइड ठेवून जाते. परत आल्यावर आधी तीच बघते. काच स्वच्छ असते. मग मी रिपोर्ट लिहायला घेते.