तक्त्यात उमटलेली वस्ती
मोठे नकाशे छापणाऱ्या प्लॉटरच्या ओल्या शाईचा वास आला की सांगलीतलं आमचं ऑफिस आठवतं. एकदा जत तालुक्यातल्या पाणीयोजनेचे नकाशे संध्याकाळी मंजुरीला जायचे होते आणि ऑफिसात आलेले तिकडचे एक आजोबा नकाशा बघून म्हणाले, "आवं बाई, ह्यात आमची वस्तीच न्हाई." खरंच, वस्तीपर्यंतची पाइपलाइन नकाशात काढली होती, पण कडेच्या तक्त्यांत वस्तीचं नाव सुटलं होतं. सगळ्या नकाशांवरचे तक्ते पुन्हा टाइप करायचे, या विचारानं मी घड्याळाकडे बघितलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "थांब गं, सगळे तक्ते एक्सेलच्या एकाच फाइलला जोडलेत मी." तिनं एक्सेलमध्ये एक ओळ घातली, नकाशे अपडेट केले, आणि बघता बघता प्रत्येक तक्त्यात ती वस्ती उमटली, पाइपांच्या लांबीची बेरीजही बदलली. आजोबांनी पडद्याला हलकेच बोट लावलं. "आलो की आमी बी!" हल्ली मी रोज असे तक्ते जोडते, तरी नवी ओळ उमटताना आजोबांचं ते बोट आठवतंच. त्या वस्तीवर आता नळाला पाणी येतं.