घरात बाहेरचं कोणी आलं नव्हतं

नोकरीतल्या पुष्कळ केसेस आता धूसर झाल्या. बंगळूरच्या बसवनगुडीतली पाटल्यांची चोरी मात्र काल घडल्यासारखी आठवते. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं आणि मी तिथे इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपली की समोरच्या हॉटेलातून कॉफी यायची आणि ती पीत मी स्टेशन डायरी चाळायचो. ते दिवस किती सुखाचे होते, हे तेव्हा कळलं नाही.

एके सकाळी सत्तरीच्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. यजमान सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, ते वारलेले. मुलगा परदेशी, बाई एकट्या. कपाटातल्या चार पाटल्या गेल्या होत्या. टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून त्यांचा चेहरा उजळला.

"अगंबाई, तुम्ही आपलेच निघालात की!"

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, घरातसुद्धा मराठीत कन्नड मिसळून "स्वल्प थांब" म्हणणारं. पण ठाण्यात कोणी मराठी बोललं की मला माहेरचं माणूस आल्यासारखं व्हायचं.

"घरात बाहेरचं कोण आलं होतं, काकू?" मी विचारलं.

"कोणीच नाही. कामवाली तेवढी. अठरा वर्षं आहे, पण माणसाचं काय सांगावं?"

झालं. मी कामवालीला बोलावलं. तीन दिवस रोज सकाळी येऊन, महिला कॉन्स्टेबलसमोर उभ्याने ती कन्नडात तेच सांगत राहिली. "इल्ल सर, मी नाही घेतलं." गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ! तिच्या दुसऱ्या दोन घरांनी तिला काढून टाकलं. घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालायचं. हे मला माहीत होतं, तरी चौथ्या दिवशीही मी तिला बोलावलंच.

त्याच दिवशी राजाजीनगरच्या ठाण्यातून सहकाऱ्याचा फोन आला. "अण्णा, तुमच्याकडे फिल्टर दुरुस्तीवाल्याची तक्रार आहे का? इथे एका तेलुगू घरात हात मारून गेलाय."

मी तडक काकूंच्या घरी गेलो. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला कोणी आलं होतं का, विचारलं.

"हो, आला होता ना. इंटरनेटवर कंपनीचा नंबर शोधला आणि फोन केला."

"मग बाहेरचं कोणी आलं नाही असं का सांगितलंत?"

त्या गोंधळल्या. "तो कुठे बाहेरचा? मराठी होता हो. बेळगावकडचा म्हणाला. मी त्याला पोहे करून दिले."

पोहे खाऊन त्या पठ्ठ्याने काकूंना नळाखाली बादली धरून उभं केलं होतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हलू नका, असं बजावून टाकी बघायला म्हणून तो आत गेला. ओळखपत्र काकूंनी मागितलं नव्हतं. कंपनीचा खरा नंबर फिल्टरच्या बिलावर होता आणि ते बिल त्यांच्याच फायलीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी पुरते चार दिवस करत होतो.

काकूंच्या मोबाइलमधल्या त्याच नंबरवर आमच्या महिला कॉन्स्टेबलने फोन लावला. हेब्बाळला तिच्या घरी फिल्टर बिघडलाय, असं कळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि अलगद सापडला.

माझ्यासमोर आणल्यावर त्याने माझी पाटी वाचली आणि मराठी सुरू केलं. "साहेब, आपण तर एकाच भाषेची माणसं."

"बस," मी म्हणालो.

तो खुर्चीत बसला आणि चक्क हसला. सोनाराचं नाव त्याने पुढे तासाभराने सांगितलं, पाटल्याही जप्त झाल्या. पण आधी हे सांगितलं, "दारावरची पाटी बघायची, भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं आणि त्या घरची भाषा बोलायची. मला पाच येतात. मग ओळखपत्र कोणी मागत नाही. तुम्हीसुद्धा आरोपीला खुर्ची दिलीत की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोक मला विचारतात, दुरुस्तीला कोणाला बोलवावं? नंबर बिलावरून घ्या. ओळखपत्र बघितल्याशिवाय आत घेऊ नका. एकटे असाल तर काम होईस्तोवर शेजारच्यांना बोलावून बसवा. आणि आपली भाषा बोलणाऱ्याला चार प्रश्न जास्तच विचारा, कारण ते विचारायला आपली जीभ रेटत नाही. निम्मी नोकरी मी हे दुसऱ्यांना शिकवण्यात घालवली, आणि वेळ आली तेव्हा स्वतःच विसरलो.

कामवालीला काढून टाकणाऱ्या त्या दोन्ही घरी मी गणवेशात जाऊन ती निर्दोष असल्याचं सांगितलं. एका घराने तिला परत घेतलं, दुसऱ्याने नाही. मग काकूंना घेऊन तिच्या खोलीवर गेलो. काकू रडल्या, परत ये म्हणाल्या. तिने त्यांना पाणी दिलं, पण "नको, अक्का," एवढंच म्हणाली. निघताना मी तिची माफी मागितली. तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघरात अठरा वर्षांत शिकलेल्या मराठीत ती मला म्हणाली,

"सर, तुम्ही मला कन्नडात विचारलं. पण ठरवलं मराठीत."